पीसीओएस आणि वजन: शीत-कडीच्या घरात राहून ते कमी कसं करायचं

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन आणि अंडाशयाचा बिघाड) असलेल्या बाईला वजनावरून जेवढे सल्ले मिळतात, तेवढे दुसऱ्या कशावरून मिळत नसतील. भात सोड, नारळ बंद कर, संध्याकाळी सहानंतर तोंड उघडू नको, जिऱ्याचं पाणी पी. गोव्यातल्या घरात पहिल्याच सल्ल्याला गाडी अडते, कारण दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि खोबऱ्याची कडी, पोटात गेली नाही तर जेवल्यासारखंच वाटत नाही. आठवडाभर कळ काढली जाते, मग एका रविवारी सगळं सुटतं आणि "माझ्याच्यानं होणार नाही" असं मनात पक्कं बसतं.

माझं म्हणणं असं की गोव्याचं घरचं जेवण पीसीओएसला मुळीच वाईट नाही. मासळी, अळसांदे (चवळी), मूग, तांबडी भाजी, उकडे तांदूळ हे सगळं उपयोगाचंच आहे. बिघडलंय ते ताटातलं प्रमाण आणि दोन जेवणांच्या मधला वेळ. हा त्रास मला आणि माझ्या धाकट्या बहिणीलाही आहे, आम्ही फोंड्याच्या. त्यामुळे खाली लिहिलंय ते चार माणसांच्या घरात, एकाच चुलीवर, वेगळा स्वयंपाक न करता जमणारं आहे. डॉक्टरांच्या तपासणीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

वजन हटत का नाही, ते आधी समजून घ्या

पीसीओएसमध्ये बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि त्या टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृत कमी बनवू लागतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की हनुवटीवर केस येतात, मुरमं जात नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. पोटावर चरबी साठली की इन्सुलिनचा गोंधळ आणखी वाढतो, आणि तो वाढला की पोट. म्हणजे "तू खातेस जास्त" एवढ्यावर हा विषय संपत नाही.

याच चक्रामुळे थोडं वजन उतरलं तरी फरक बराच पडतो. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं 5 ते 10 टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते, साखर आणि रक्तदाबही सुधारतो. 72 किलोच्या बाईसाठी 5 टक्के म्हणजे साडेतीन किलोंच्या आसपास. लग्नातल्या फोटोतलं वजन परत आणायची गरज नाही.

सोनोग्राफीत दिसतात त्या "गाठी" म्हणजे वाढ अर्धवट थांबलेल्या स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या. त्या कापून काढायच्या नसतात, आणि त्या शब्दाला घाबरायचं तर अजिबात नाही.

पायरी पहिली: तपासण्या, पण नेमक्या

तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएसचं निदान होतं: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत तशी दिसणारी अंडाशयं. हे निकष 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरले. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्यात भर घातली की प्रौढ बाईत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्तचाचणीही चालते. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही. किशोरवयीन मुलीचं निदान सोनोग्राफीवर करत नाहीत, कारण त्या वयात अंडाशयं तशी दिसणं सर्वसाधारण असतं. बारावीतल्या मुलीला फक्त सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून कुणी घाबरवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दुधाशी संबंधित हार्मोन) तपासल्याशिवाय पीसीओएसचा शिक्का मारून घेऊ नका. दोन्हींच्या बिघाडात पाळी अशीच लांबते, थायरॉइडमुळे वजनही वाढतं, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आणि लॅबलाही सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हार्मोनच्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तेही आधीच बोलून ठेवा.

साखरेसाठी सगळ्यात चांगली चाचणी म्हणजे उपाशीपोटी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांनंतरचा आकडा 140 ते 199 असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था, 200 किंवा वर असेल तर तो मधुमेहाच्या टप्प्यात मोडतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि रक्तक्षयात एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) फसवू शकतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. लॅबवाले "पीसीओएस पॅकेज" म्हणून उपाशीपोटीचं इन्सुलिन वगैरे लांबलचक यादी पुढे करतात. उपचार ठरवायला इन्सुलिनचा तो आकडा नेहमी लागतोच असं नाही, ते पैसे वाचवा.

जायचं कुठे? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. पुढे म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, आणि गुंतागुंत असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). माझी बहीण एकोणीस वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तिला "लग्न झालं की सगळं जाग्यावर येईल" असं सांगून परत पाठवलं होतं. हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं गेलं तर ते उपचार म्हणून स्वीकारू नका. पीसीओएसचा लग्नाशी काही संबंध नाही.

एक गोष्ट लगेच करायची. 90 दिवसांवर पाळी आली नसेल तर आधी गर्भ राहिल्याची चाचणी करा, ती नकारार्थी आली तर डॉक्टरांकडे जा. पाळी फार काळ रखडली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ते धोक्याचं ठरतं. "वजन उतरलं की येईल आपोआप" म्हणत सहा महिने थांबायचं नाही.

पायरी दुसरी: मोजायचं काय

एक साधी वही घ्या. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, रक्तस्राव कसा होता, ते तिच्यात लिहा. बहिणीच्या वहीतली एक नोंद अशी आहे: "आली, चौथ्या दिवशी थांबली. मागच्या वेळेपासून 41 दिवस. कंबर 91." तिला सुरुवातीला वर्षात चार-पाचदाच पाळी यायची, म्हणून 41 दिवस बघून आमच्या आईनं घरात शिरा केला होता. त्या महिन्यात काटा जेमतेम एक किलो खाली होता. नुसता काटा धरून बसली असती तर तिनं सगळं सोडून दिलं असतं.

कंबर महिन्यातून एकदा मोजा, सकाळी, श्वास सोडून झाल्यावर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची. भारतीय बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेलं की जोखीम वाढते. बीएमआयच्या (उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा) रेषाही आपल्यासाठी खाली आहेत: 23 पासून जास्त वजन, 25 पासून लठ्ठपणा. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस सोडून बघा, त्या दिवसांत अंगात पाणी धरतं.

वेग आठवड्याला अर्धा किलो असला तरी पुष्कळ झाला. महिन्यात आठ-दहा किलोंचं वचन देणाऱ्यांपासून लांब राहा. झपाट्यानं उतरवलेल्या वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि साखर खेचून घेणारं शरीरातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायूच.

बारीक असूनही पीसीओएस असलेल्या बायका असतात. बीएमआय 23 च्या खाली असेल तर कॅलरी कापायच्या नाहीत. खालचं प्रथिनांचं, व्यायामाचं आणि झोपेचं तेवढं घ्या.

पायरी तिसरी: दुपारचं ताट

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण फरक इथूनच पडतो. कुठला एकच आहार पीसीओएसवर इतरांपेक्षा सरस आहे, असं आजवर दिसलेलं नाही. कीटो असो की दर चार तासांनी खाणं असो, जे वर्षभर निभेल ते खरं. आपल्याला निभणारं जेवण आपल्या घरात आधीच शिजतंय.

सवयीनं आपण ताटात आधी शीत वाढतो, डोंगर करून, मग त्यावर कडी, आणि कडेला माशाची एक तुकडी. भाजी चवीपुरती. हा क्रम उलटा करा. आधी ताटाचा अर्धा भाग भाजीनं भरा: तांबडी भाजी, भेंडी, दुधी, पडवळ, काकडी-कांद्याची कोशिंबीर. मग मासळी किंवा कडधान्य. शीत शेवटी, वाटीनं मोजून. हातानं किंवा डावानं वाढलं की अंदाज हमखास चुकतो. एक वाटी, म्हणजे शिजलेला साधारण 150 ग्रॅम भात, यात 200 च्या आसपास कॅलरी असतात. डोंगर असतो तीन-चार वाट्यांचा, म्हणजे 600 ते 800. दीड वाटीवर या, एकदम अर्ध्या वाटीवर उडी नको. जेवताना आधी भाजी आणि मासे, मग भात खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते.

तांदूळ उकडेच ठेवा. सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकड्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि साखर सावकाश चढते. पण ते उकडे आहेत म्हणून चार वाट्या खाल्ल्या तर त्या चारच होतात.

मासळीचं भय नको. 100 ग्रॅम बांगड्यात साधारण 19 ग्रॅम प्रथिनं असतात आणि हृदयाला चांगले ओमेगा-3 स्निग्ध पदार्थही भरपूर. तारलेही तसेच, शिवाय स्वस्त. इसवण आणि पापलेटच खावं लागतं असं काही नाही. मध्यम आकाराचे दोन बांगडे हे एका बाईचं पूर्ण जेवण झालं. रवा लावून तेलात बुडवून तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा, किंवा आमसुलं-हळदीत उकडा. रेशाद मसाला भरून तव्यावर केला तरी चालतो, त्यात कॅलरी मसाल्याच्या नसतात, तेलाच्या असतात.

आता खोबरं. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 350 कॅलरी असतात. कडी दाट हवी म्हणून चार माणसांना अख्खा नारळ घालणारी घरं मला माहीत आहेत. नारळ बंद करू नका, कडीची चव जाईल आणि चव गेली की घरातली बाकी माणसं तुमच्याविरुद्ध जातील. चार माणसांना अर्धा नारळ, त्यात धणे-मिरची-आमसुलाचा हात सढळ. आठवड्यातून दोन दिवस खोबऱ्याशिवायचा स्वयंपाक, एखादी कोकमाची कढी आणि भाजलेला मासा. कडी वाटीत वेगळी घ्या, भातावर ओतून नको. भातावर ओतली की दोन्ही वाढतात.

प्रथिनांचा हिशेब एकदा करून बघा. वजन 70 किलो असेल तर दिवसाला 70 ते 80 ग्रॅमच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. एका अंड्यात 6 ग्रॅम, शिजलेल्या अळसांद्यांच्या वाटीत 11 च्या आसपास, वाटीभर डाळीत 7-8, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18. चहा-पाव, शीत-कडी, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा शीत असं खाणारीचा आकडा 35-40 च्या पुढे जात नाही. म्हणूनच चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. तिच्या मनाचा निग्रह कमी पडत नाही, दुपारच्या ताटात प्रथिन कमी पडतं.

सकाळ आणि चार वाजता

पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की पोयी, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घरात येते. पोयी कोंड्याची असेल तर एक चालेल, पण आता पुष्कळ ठिकाणी ती मैद्याचीच असते आणि वर नुसता कोंडा भुरभुरलेला असतो. फाडून बघा, आत पांढरीशुभ्र आणि कापसासारखी लागली तर ती पावाचीच बहीण समजा. पोयीसोबत पातळ भाजीऐवजी दोन अंडी किंवा मुगाची उसळ घ्या. नुसता चहा आणि पाव हा नाश्ता नव्हे. पेज आवडत असेल तर वाटीभर, सोबत अंडं किंवा उसळ.

चहातली साखर मोजा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅम साखर आणि 160 कॅलरी. एकदम बंद करण्यापेक्षा आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, जीभ महिना-दोन महिन्यांत बदलते. थंड पेयाच्या 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते. ते पूर्ण सोडण्यासारखं आहे, त्यात हरवण्यासारखं काही नाही. उर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत तो ज्या गोड सोड्यात ओतला जातो, तोही धरा.

चार वाजता काय? मिर्ची भजी आणि बटाटवड्याचा वास येणाऱ्या रस्त्यावरून घरी यायचं असेल तर आधीच काही खाऊन निघा: मूठभर भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं अंडं, ताक आणि चणे, एखादा पेरू. भजी आठवड्यातून एकदा, ठरवून, बसून खा.

पावसाळा आणि श्रावण: इथे गाडी घसरते

वजन कमी करणाऱ्या गोव्यातल्या बाईचं सगळं वर्ष सारखं नसतं, हे कुठल्या आहारतक्त्यात लिहिलेलं नसतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळी महागते, मिळते ती थोडी. त्याच्यामागून श्रावण, आणि बऱ्याच हिंदू घरांत चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत नुस्तें (मासळी) शिजत नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर ताटातलं मुख्य प्रथिनच गायब होतं आणि त्याची जागा शीत आणि बटाटा घेतात. वर पाऊस, म्हणून चालणं बंद. या चार महिन्यांत वजन वाढतं आणि बाई स्वतःला दोष देत बसते.

मे महिन्यातच तयारी करा. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीत सुक्या मिरच्या आणि कोकमांबरोबर अळसांदे, मूग, चणे, मसूर भरून ठेवा. दररोज रात्री एक कडधान्य भिजत घालायची सवय लावा. अळसांद्यांचं तोंडाक, मुगागाठी, चण्याची उसळ असं फिरवा. जिथे श्रावणात अंडी चालतात तिथे अंडी. चालत नसतील तर पनीर, दही, सोयाबीन. सुकी मासळी चालेल, पण त्यात मीठ पुष्कळ असतं. रक्तदाब वाढलेला असेल तर हात आखडता घ्या, आणि करण्याआधी ती नीट भिजवून धुवा.

सोमवारच्या किंवा चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळ पदार्थावर तेल. उपास करायचाच असेल तर दही, शेंगदाणे, फळ आणि उकडलेलं रताळं यांवर भागवा.

चवथीत काय करायचं, तर सण करायचा. पातोळ्या वाफवलेल्या असतात, तळलेल्या नेवऱ्यांपेक्षा (करंज्यांपेक्षा) बऱ्या. खतखतें भरपूर खा, इतक्या भाज्या एका ठिकाणी वर्षात दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. नेवऱ्या दिवसाला एक-दोन, जेवणानंतर लगेच. दिवसभर डब्यातून उचलत राहण्यापेक्षा ते बरं. अडचण पाच दिवसांची नसते, सण उलटल्यावर महिनाभर डब्यात उरणाऱ्या नेवऱ्यांची आणि लाडवांची असते. त्या वाटून टाका. शेजारच्या नातळाच्या दोदोलालाही हाच नियम.

पायरी चौथी: चालणं पुरत नाही

आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हे सगळ्यांसाठी आहे. वजन उतरवायचं असेल तर किमान 250 मिनिटांकडे जायला हवं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पाच दिवस रोज पन्नास मिनिटं, आणि ती एकदम सलग हवीत असंही नाही. दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर खाली राहते.

पण नुसत्या चालण्यावर थांबू नका. आठवड्यातून दोन दिवस, मधे एक दिवस सोडून, स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच. जिम लागत नाही. पाठ नसलेल्या भक्कम स्टुलावरून हात न टेकता उठबस, दहाच्या तीन फेऱ्या. भिंतीवर हात टेकून दंड. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. दोन हातांत एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्यावर उचलणं. तिसऱ्या आठवड्यात फेऱ्या सोप्या वाटू लागल्या की वजन वाढवा, पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून उठबस करा. सोपं वाटतंय तरी तसंच करत राहिलं तर शरीर पुढे सरकत नाही.

पणजीकरणींना मिरामार ते दोनापावल रस्ता आणि आल्तिनोचे चढ आहेत, बार्देश-सासष्टीत किनारे आहेत. वाळूत चालणं जड जातं, गुडघे दुखत असतील तर ओल्या घट्ट वाळूवरून चाला. पावसाळ्यात घराची बाल्कांव (पुढची ओसरी), इमारतीचा जिना, देवळाचा मंडप. आमच्याकडे भजनाच्या आधी मंडपात फेऱ्या मारणाऱ्या चार जणी आता नेहमीच्या झाल्यात.

पायरी पाचवी: झोप, रात्रपाळी, मन

सात तास झोप हवी. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांची ठेवा, दोन तासांची झाली की रात्रीची झोप मोडते. घोरत असाल, रात्री गुदमरून जाग येत असेल आणि सकाळी डोकं जड असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पीसीओएसमध्ये जास्त आढळतो, आणि त्यावर इलाज न करता वजन उतरवायला गेलं तर दमछाक होते.

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत, कॅसिनोंत रात्रपाळी करणाऱ्या मुलींसाठी: पूर्ण जेवण कामाला निघण्याआधी. मध्यरात्रीनंतर उकडलेली अंडी, ताक, चणे असं हलकं. पहाटे घरी येऊन शीत-कडीवर ताव मारून लगेच झोपणं टाळा. खोली काळोखी करून झोपा.

पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. हनुवटीचे केस रोज उपटून कामाला जाणाऱ्या मुलीला "ताण घेऊ नको" म्हणणं निर्दयपणाचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उतरलेलं असेल, किंवा उपाशी राहायचं आणि मग लपून बेसुमार खायचं असं चक्र चालू असेल, तर वजनाचा नाद बाजूला ठेवून आधी तिथे मदत घ्या. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आणि टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

पायरी सहावी: औषधं

तीन महिने मनापासून करूनही पाळी आणि कंबर दोन्ही हललं नाही तर औषधाविषयी बोला. साखर आधीच वाढलेली असेल तर सुरुवातीलाच. औषध घेणं म्हणजे हार मानणं नव्हे.

मेटफॉर्मिन इन्सुलिनचं काम सुधारतं, वजनावर त्याचा परिणाम बेताचा असतो. साधारण 500 मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, हळूहळू वाढवत नेतात. पहिले काही आठवडे मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, हळू सुटणारी गोळी मागितली तर ते कमी होतं. दीर्घकाळ घेतलं तर बी12 कमी होऊ शकतं. फक्त श्रावणातच नव्हे तर वर्षभर मासळी-मांस न खाणाऱ्यांनी ते तपासून घ्यावं.

गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करतात, केस-मुरमं कमी करतात, पण इन्सुलिनचं मूळ तसंच राहतं. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक येत असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल किंवा तुम्ही धूम्रपान करत असाल तर गोळ्या सुरू होण्याआधी सांगा. इनोसिटॉल या पूरक औषधाविषयीचा पुरावा मर्यादित आहे. सीड सायकलिंगच्या (पाळीच्या दिवसांप्रमाणे ठरावीक बिया खाण्याच्या) महागड्या डब्यांमागे तर भक्कम असं काहीच नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं वजन खरोखर उतरवतात. पण खर्चिक आहेत, बंद केल्यावर वजन बऱ्यापैकी परत येतं, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, सलूनमधून किंवा ओळखीच्या माणसाकडून नाही. गर्भ राहू द्यायचा असेल त्या काळात ती चालत नाहीत. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, कंडोम वापरा.

आणि हे सगळ्याच जणींना लागू आहे. वजन थोडं उतरलं की स्त्रीबीज पुन्हा सुटू लागतं, कधीकधी पहिली पाळी येण्याच्याही आधी. "आपल्याला तर पीसीओएस आहे" म्हणून काळजी न घेणाऱ्या बायकांना याच टप्प्यावर न ठरवलेलं गर्भारपण येतं. मूल नको असेल तर पहिल्या दिवसापासून साधन वापरा. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून चालू औषधं तपासून घ्या, आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करा.